पेन्शनीत येणाऱ्या जवानांसाठी : पलटण सोडण्याआधी आणि सोडल्यावर करावयाची कामे

मी १९९५ साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो आणि २४ वर्षांची नोकरी करून २०१९ मध्ये हवालदार हुद्द्यावरून घरी आलो. सध्या चाकणजवळच्या एका कारखान्यात गोदामाचे काम पाहतो. आमच्या सातारा जिल्ह्यात घरटी एक फौजी असलेली गावे आहेत. अपशिंग्याने तर मिलिटरी हा शब्द नावातच घेतला आहे. तरीही पेन्शनीत येणारा प्रत्येक जण जुन्याच खड्ड्यात नव्याने पाय घालतो, कारण सल्ला पारावर मिळतो आणि नियम मात्र कागदावर असतात. मी स्वतः त्यातल्या निम्म्याहून अधिक चुका केल्या आहेत.

हा लेख लष्करातून पेन्शनसह निवृत्त होणाऱ्या, म्हणजे किमान १५ वर्षांची पात्र सेवा झालेल्या जवान व जेसीओंसाठी (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आहे. २०२२ पासून अग्निपथ योजनेतून भरती झालेल्या मुलांचे नियम वेगळे आहेत. त्यांनी यातील पेन्शन आणि ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, यांचा भाग स्वतःला लागू करून घेऊ नये.

१. दोन वर्षे आधी : नावे आणि तारखा जुळवा

सर्वांत कंटाळवाणे काम सर्वांत आधी करा. तुमच्या, पत्नीच्या, मुलांच्या आणि आईवडिलांच्या नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख सर्व्हिस रेकॉर्ड, आधार, पॅन, बँक पासबुक आणि शाळेचा दाखला या पाचही ठिकाणी अक्षरशः एकसारखी आहे का, ते एका कागदावर रकाने पाडून लिहून काढा. आपल्याकडची नावे ही मोठी अडचण असते. माझ्या आईचे नाव रेकॉर्डमध्ये ‘अनुसया’, आधारवर ‘अनुसयाबाई’ आणि रेशनकार्डावर ‘अनुबाई’ असे होते. माणूस एक, कागदोपत्री बायका तीन. लग्नात नाव बदलण्याच्या प्रथेमुळे पत्नीच्या बाबतीतही हेच होते : शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, पार्ट टू ऑर्डरमध्ये सासरचे. जन्मतारखेचा घोळ तर गुरुजींनी करूनच ठेवलेला असतो, कारण आमच्या पिढीतला निम्मा वर्ग १ जूनलाच जन्मलेला आहे.

पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्न, अपत्यजन्म अशा घटनांची युनिटने रेकॉर्ड ऑफिसकडे पाठवलेली नोंद, प्रत्येक घटनेसाठी झाली आहे का, हे तुमच्या युनिटच्या क्लार्ककडून तपासून घ्या. मुलाच्या जन्माच्या वेळी सुट्टीवरून परतताना दाखला आणला, पण ऑर्डर निघालीच नाही, असे प्रकार सर्रास आढळतात. युनिटमध्ये असताना ही दुरुस्ती एक अर्ज, एक प्रतिज्ञापत्र आणि साहेबांची सही एवढ्यावर होते. घरी आल्यावर त्याच दुरुस्तीसाठी बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करावा लागतो आणि प्रत्येक उत्तरात आणखी एक कागद मागितला जातो. आईच्या नावाच्या त्या ‘बाई’साठी मला सात महिने लागले.

२. रिलीज मेडिकल बोर्डापुढे दुखणे लपवू नका

नोकरीभर आपण ‘शेप वन’, म्हणजे कागदोपत्री पूर्ण तंदुरुस्त, राहण्यासाठी धडपडतो. कोर्स, बढती, मानाची पोस्टिंग सगळे त्यावर अवलंबून असते, म्हणून गुडघा दुखला तरी गोळी घेऊन बीपीईटी, म्हणजे शारीरिक क्षमतेची चाचणी, पळायची सवय अंगात मुरलेली असते. रिलीज मेडिकल बोर्डापुढे, म्हणजे निवृत्तीआधीच्या वैद्यकीय तपासणीत, हीच सवय नडते. फायरिंग रेंजमुळे एका कानाने कमी ऐकू येत असेल, उंचावरच्या पोस्टिंगनंतर रक्तदाब सुरू झाला असेल, पाठीला जुनी दुखापत असेल, तर ते सर्व तेथे स्पष्ट सांगा आणि त्या त्या वेळच्या एमआय रूमच्या (युनिटच्या उपचार कक्षाच्या), दवाखान्याच्या नोंदी सोबत ठेवा. अपंगत्व सेवेमुळे झाले किंवा सेवेमुळे वाढले असे बोर्डाने मानले आणि त्याचे प्रमाण किमान २० टक्के ठरले, तरच अपंगत्वाच्या पेन्शनचा हक्क तयार होतो. दावा नाकारला गेल्यास पहिले अपील सहा महिन्यांच्या आत करायचे असते. त्यापुढे २००९ पासून सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे.

बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत मागून घ्या. ‘नंतर पोस्टाने येईल’ या वाक्यावर विसंबून बाहेर पडलेल्या अनेकांना ती प्रत मिळवण्यासाठीच पहिले वर्ष घालवावे लागले आहे.

३. पैशाचा हिशेब : सही करण्याआधी घरी बसून करा

निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटी, जास्तीत जास्त ३०० दिवसांच्या शिल्लक रजेचा पगार, प्रॉव्हिडंट फंड, आर्मी ग्रुप इन्शुरन्सची रक्कम आणि कम्युटेशन असे पाच प्रवाह एकाच वेळी खात्यात येतात. यातील कम्युटेशन हा एकच प्रवाह तुमच्या निर्णयावर अवलंबून असतो, म्हणून तो नीट समजून घ्या. सैन्यातील व्यक्तीला पेन्शनच्या ५० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. समजा, मूळ पेन्शन २०,००० रुपये आहे आणि तुम्ही पूर्ण ५० टक्के कम्युट केले, तर १५ वर्षे मूळ पेन्शन १०,००० रुपयेच हातात येते. महागाईची वाढ मात्र पूर्ण २०,००० वर मोजली जाते. १५ वर्षांनंतर कापलेला भाग परत सुरू होतो. पलटणीतले बहुतेक जण विचार न करता पूर्ण ५० टक्क्यांवर सही करतात. घराचे कर्ज फेडायचे असेल तर ते योग्यही ठरेल; पण रक्कम नुसती खात्यात पडून राहणार असेल किंवा गावात तीनमजली बंगला बांधण्यात जाणार असेल, तर दरमहा येणारे पैसेच बरे, असे माझे मत आहे.

ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनच्या रकमेवर प्राप्तिकर नाही, मासिक पेन्शनवर मात्र आहे. दुसरी नोकरी लागल्यावर पगार आणि पेन्शन यांची बेरीज होते, हे पहिल्या वर्षी कोणाच्या लक्षात येत नाही आणि मार्चमध्ये धावपळ होते.

आता सापळे. तुम्ही घरी येण्याआधी तुमच्या पैशाची बातमी गावात पोहोचलेली असते. पहिल्या आठवड्यात विमा विकणारा भाचा येतो, दुसऱ्या आठवड्यात एनए न झालेला प्लॉट दाखवणारा वर्गमित्र येतो आणि तिसऱ्या आठवड्यात ‘महिना पाच टक्के’ देणाऱ्या एखाद्या योजनेचा माणूस थेट ‘जय हिंद साहेब’ म्हणत दारात उभा राहतो. पहिले सहा महिने सर्व रक्कम मुदत ठेवीत ठेवा आणि प्रत्येकाला ‘पैसे अडकले आहेत’ असे सांगा. ते खोटेही नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत निवृत्त सैनिकांना ५० व्या वर्षापासून, काही अटींवर, पैसे ठेवता येतात. म्हणजे चाळिशीच्या सुरुवातीला बाहेर पडणाऱ्या हवालदाराला ती लगेच लागू होत नाही. तसे सांगून कोणी फॉर्म भरून घेत असेल, तर तो नेमका कशाचा फॉर्म आहे ते वाचा.

४. युनिट सोडताना हातात असावयाची कागदपत्रे

खालील कागद मूळ स्वरूपात ताब्यात घ्या आणि सेवेच्या शेवटच्या दिवसाआधी त्यांच्या तीन-तीन प्रती काढून एक संच मोबाइलमध्येही ठेवा.

- डिस्चार्ज बुक. त्यात सेवेचा कालावधी, शिक्षण, पदके, वर्तणुकीचा शेरा आणि तुमच्या ट्रेडशी समतुल्य नागरी व्यवसाय भरलेला आहे ना, हे पाहा. हे रकाने रिकामे सोडलेले असतात आणि पुढे नोकरीच्या अर्जात तेच विचारले जाते.
- पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश. त्यावरील पत्नीचे नाव आणि जन्मतारीख तेथल्या तेथे वाचा.
- मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत.
- ईसीएचएसची वर्गणी भरल्याचा पुरावा.
- शिक्षणाची, कोर्सची आणि पदकांची प्रमाणपत्रे.
- पत्नीसोबतचे जॉइंट फोटो. किमान एक डझन. हसू नका, ते संपतात.
- लष्करात गाडी चालवत असाल तर आरटीओचा अवजड वाहनाचा परवाना. तो सेवेत असतानाच काढा, कारण बाहेरचा मालक लष्करी परवाना पाहून गाडीची किल्ली देत नाही.

पुनर्वसन महानिदेशालय, म्हणजे डीजीआर, निवृत्तीआधी जवानांसाठी २४ आठवड्यांपर्यंतचे प्रशिक्षण देते. बरेच जण या काळाकडे सुट्टी म्हणून पाहतात आणि घराजवळचे केंद्र हा एकच निकष लावून कोर्स निवडतात. मीही तसेच केले. गोदाम व्यवस्थापनाचा कोर्स उपलब्ध असताना मी घरापासून जवळ म्हणून वेगळाच घेतला, आणि आज ज्या कामावर माझे पोट भरते, ते मला नंतर स्वतःच्या खर्चाने शिकावे लागले.

५. घरी आल्यावरचा पहिला महिना

पहिली फेरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करा. आमच्याकडे त्याला अजूनही ‘सैनिक बोर्ड’ म्हणतात. डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, फोटो आणि रहिवासाचा पुरावा घेऊन जा. तेथे माजी सैनिक म्हणून नोंदणी होते आणि ओळखपत्र मिळते. त्याच दिवशी नोकरीसाठीची नावनोंदणीही वेगळी करून घ्या. ओळखपत्र मिळाले म्हणजे नोकरीच्या यादीतही नाव गेले, असा माझा समज होता आणि त्यात दीड वर्ष गेले.

ईसीएचएस ही आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून आहे. वर्गणी एकदाच भरायची असते. हवालदारापर्यंत ती ३०,००० रुपये आणि जेसीओंसाठी ६७,००० रुपये आहे. कार्डासाठी अर्ज ऑनलाइन करायचा असतो आणि प्रत्येक अवलंबिताचे कार्ड वेगळे असते. मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत, किंवा त्याआधी कमावू लागला अथवा त्याचे लग्न झाले तर तोपर्यंतच, पात्र असतो. उपचाराची वाट पॉलिक्लिनिकमधून, म्हणजे ईसीएचएसच्या स्वतःच्या दवाखान्यातून, जाते : आधी तेथे दाखवायचे, मग रेफरल घेऊन पॅनेलवरील रुग्णालयात जायचे. तातडीच्या वेळी पॅनेलबाहेरच्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. हे काम घरच्या माणसांना करायचे असते, म्हणून पॉलिक्लिनिकचा फोन नंबर तुमच्याऐवजी त्यांच्या मोबाइलमध्ये असला पाहिजे.

पेन्शन आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन व्यवस्थेतून प्रयागराजच्या कार्यालयामार्फत थेट खात्यात येते. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि तो ‘जीवन प्रमाण’वर घरबसल्या किंवा सीएससी केंद्रात देता येतो. येथे एक चूक हमखास होते. पेन्शन देणारी संस्था कोणती, या रकान्यात केंद्रातला मुलगा सवयीने तुमच्या बँकेचे नाव निवडतो, कारण गावातल्या इतर पेन्शनरांचे तसेच असते. दाखला निघतो, पावती मिळते आणि तरी तो स्पर्शपर्यंत पोहोचत नाही. मग पेन्शन थांबते. त्याच्या शेजारी बसा, पडद्यावर स्पर्शचे नाव निवडलेले पाहा आणि मगच अंगठा लावा.

कॅन्टीन कार्ड नवे काढावे लागते. त्याबद्दल तुम्हाला कोणी आठवण करून देण्याची गरज पडणार नाही. घरपट्टीचे मात्र विसरले जाते. महाराष्ट्रात माजी सैनिकाच्या एका घराच्या करमाफीची योजना २०२० पासून आहे. तिचा अर्ज ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत स्वतःहून करावा लागतो. मुलगा किंवा मुलगी व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षाला असेल आणि प्रवेशासाठी पात्रता म्हणून लागणाऱ्या शैक्षणिक परीक्षेत (उदा. बारावीत) ६० टक्के असतील, तर केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच वर्षी भरा. ती मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये या दराने मिळते.

६. सरकारी नोकरी : सवलत आहे, पण ती जपून वापरायची असते

केंद्र सरकारच्या गट ‘क’ पदांमध्ये माजी सैनिकांना १० टक्के आरक्षण आहे. सरकारी बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत हेच प्रमाण १४.५ टक्के आहे. महाराष्ट्र शासनाच्या गट ‘क’ आणि ‘ड’ पदांमध्ये १५ टक्के समांतर आरक्षण आहे. वयाचा हिशेब सोपा आहे : केंद्राच्या या पदांसाठी तुमच्या वयातून लष्करी सेवेची वर्षे वजा करतात आणि उरलेला आकडा त्या पदाच्या वयोमर्यादेपेक्षा तीन वर्षांहून अधिक नसावा. ४३ वर्षांचा जवान २४ वर्षांची सेवा वजा जाता १९ वर्षांचा ठरतो. आरशात तसे दिसत नाही, हा भाग वेगळा.

दहावी उत्तीर्ण आणि १५ वर्षांची सेवा असेल, तर केंद्राच्या ज्या गट ‘क’ पदांना पदवी लागते, पण तांत्रिक अनुभव लागत नाही, त्यांसाठी तुम्ही पात्र धरले जाता. याचा अर्थ तुम्ही पदवीधर झालात असा नाही. खासगी कंपनीच्या अर्जात ‘पदवीधर’ लिहून एकाने मुलाखतीत मान खाली घालावी लागल्याचे मी समोर बसून पाहिले आहे.

सेवा संपण्याआधीच्या शेवटच्या वर्षात युनिटच्या प्रमाणपत्रासह अर्ज करता येतो. ही संधी सोडू नका, कारण परीक्षा, निकाल, पडताळणी यांत सहज दोन वर्षे जातात.

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा इशारा. केंद्र सरकारच्या पदांसाठी माजी सैनिकाचे आरक्षण पहिली नियमित नागरी सरकारी नोकरी स्वीकारली की संपते. माझ्याच पलटणीतल्या एकाने आधी लिपिकपदासह चार ठिकाणी अर्ज केले होते. त्यातली शिपायाची नोकरी पहिली आली, घरात बसवेना म्हणून तो लगेच रुजू झाला आणि लिपिकाचा निकाल लागला तेव्हा त्याला सर्वसाधारण उमेदवार धरण्यात आले. यावर उपाय नियमातच आहे. २०१४ च्या आदेशानुसार, रुजू होताना, त्याआधी कोणकोणत्या पदांसाठी अर्ज केले आहेत त्यांची तारीखवार यादी स्वघोषणापत्रासह पहिल्या कार्यालयात दिली, तर त्या अर्जांपुरता लाभ टिकतो. त्याने ती यादी दिली नव्हती, कारण कोणी मागितली नव्हती. ती मागितली जात नाही. आपणच द्यायची आणि पोच घ्यायची. खासगी, कंत्राटी किंवा केव्हाही काढून टाकता येईल अशा तात्पुरत्या कामामुळे मात्र हा हक्क जात नाही.

७. खासगी नोकरी : गणवेश बदलण्याची घाई नको

घरी आल्यावर तिसऱ्या महिन्यात दिवस खायला उठतो आणि समोर पहिले काम येते ते सुरक्षारक्षकाचे. बँकांमध्ये सशस्त्र रक्षकाची पदे माजी सैनिकांसाठीच असतात. मेस्को, म्हणजे पुण्यातील महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, यांच्यामार्फतही कामे मिळतात, आणि डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये पुन्हा वर्दी चढवण्याचा मार्गही आहे. ही प्रतिष्ठेची कामे आहेत. पण रस्त्यावरच्या एखाद्या एजन्सीकडे जाताना डोळे उघडे ठेवा. मला सुपरवायझर म्हणून २२,००० सांगितले, हातात १४,५०० आले, ड्यूटी बारा तासांची निघाली आणि पाच महिन्यांचा पीएफ खात्यात कधी दिसलाच नाही. नेमणूकपत्र, कामाचे तास आणि पीएफचा यूएएन क्रमांक या तीन गोष्टी लेखी मिळाल्याशिवाय गेटवर उभे राहू नका.

चांगली नोकरी हवी असेल तर बायोडेटातून लष्करी भाषा काढावी लागते. माझ्या मुलाखतीत एचआरच्या ताईंनी आधीचे काम विचारले. मी ताठ बसून ‘क्यूएम स्टोअर’, म्हणजे पलटणीचे क्वार्टरमास्टरचे कोठार, असे एवढेच दोन शब्द सांगितले. त्यांनी ‘क्यूएम’ लिहिले आणि विचारले, “म्हणजे तुम्ही क्वालिटीला होतात का?” कारखान्यात क्यूएमचा अर्थ तोच होतो. मग मी वहीच्या पाठीमागे लिहून दाखवले : ८०० माणसांचे कपडे, तंबू, भांडी, रेशन, आवक-जावकीची लेजरे, वर्षाला स्टॉक मोजणी, आणि सहा वर्षांत एकही वस्तू तुटीत नाही. त्यांनी तो कागद हातात घेऊन गोदामाच्या प्रमुखांना बोलावले. तुमच्याही बायोडेटात हुद्द्याऐवजी किती माणसे, किती माल, किती वाहने आणि किती वर्षे हेच आले पाहिजे. ‘सेक्शन कमांडर’ऐवजी ‘दहा जणांच्या तुकडीचे काम, प्रशिक्षण आणि शिस्त सांभाळली’ असे लिहा.

रुजू झाल्यावरची अडचण कागदाची नसते. पहिल्या महिन्यात मी फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या पोराला उशिरा आला म्हणून सर्वांसमोर झापले. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही आणि माल दारात पडून राहिला. पलटणीत तो रात्रीपर्यंत विसरला असता. इथे त्याच्यापुढे शेजारच्या कारखान्याची नोकरी उघडी होती. त्याच्या घरी जाऊन चहा घ्यावा लागला.

८. एक फाइल, आणि ती कोणाला माहीत असावी

सर्व मूळ कागद एकाच फाइलमध्ये ठेवा आणि पत्नीला बरोबर घेऊन सैनिक कल्याण कार्यालय, पॉलिक्लिनिक आणि बँक या तिन्ही ठिकाणी एकदा जाऊन या. आपल्यानंतर कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करण्यासाठी तिलाच मृत्यूचा दाखला, पीपीओ, आधार आणि खात्याचे पुस्तक घेऊन उभे राहायचे आहे, आणि त्या दिवशी कार्यालय कोठे आहे इथून सुरुवात व्हायला नको. खाते दोघांच्या नावाचे ठेवा. आमच्या घरी हा विषय काढल्यावर घरच्यांनी आधी ‘अभद्र बोलू नका’ म्हणून उठून जाणे पसंत केले होते. महिन्याभराने कपाट आवरताना फाइल दिसली, तेव्हा तिच्या आतल्या बाजूला पीपीओचा क्रमांक, पॉलिक्लिनिकचा फोन आणि ‘बोर्डात सकाळी ११ च्या आत जाणे’ असे पत्नीच्या अक्षरात लिहिलेले होते.